जुने घर आणि ॲस्बेस्टॉस : फोडण्याआधी तपासा



आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबांची पहिली घरे नवीन वसाहतींतली होती. आता चित्र बदलले आहे. मुले मोठी होऊन स्वतःची घरे घेऊ लागली आहेत, नव्या घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या आहेत, आणि चांगल्या शाळा व रेल्वे स्टेशन जवळ असलेल्या गावांत मिळतात ती घरे बहुधा १९८० पूर्वीची असतात. घर घेतले की दुसऱ्याच महिन्यात बेसमेंट फोडणे, स्वयंपाकघर वाढवणे, जुनी फरशी उखडणे अशी कामे निघतात. अशा वेळी ॲस्बेस्टॉस हा शब्द कानावर येतो आणि दोन टोकाच्या प्रतिक्रिया होतात. कोणी घाबरून घरच नको म्हणतो, तर कोणी "ते सगळं जुन्या काळचं" म्हणून दुर्लक्ष करतो.

मी व्यवसायाने सिव्हिल इंजिनियर. न्यू जर्सीत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही या विषयावर फोन येतात. त्या फोनवर मी जे सांगतो तेच आज जरा सविस्तर लिहीत आहे. एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे : घरात जागच्या जागी शाबूत असलेले ॲस्बेस्टॉस सहसा त्रास देत नाही. ते फोडले, घासले, करवतीने कापले की धोका सुरू होतो. म्हणून तपासणी हातोडा उचलण्याच्या आधी करायची, नंतर नव्हे.

ॲस्बेस्टॉस म्हणजे नेमके काय?

ॲस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेले रसायन नाही. ते खाणीतून निघणारे खनिज आहे, आणि तेही एक नसून सहा सिलिकेट खनिजांचे मिळून एक व्यापारी नाव आहे. पांढरे क्रायसोटाइल, निळे क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट, आणि त्याखेरीज ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट व ॲन्थोफिलाइट. अमेरिकेतील इमारतींत सापडणारे ॲस्बेस्टॉस ९० टक्क्यांहून अधिक क्रायसोटाइल जातीचे असते.

दगड फोडला तर खडे आणि भुकटी होते. हा दगड मात्र पिंजला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाला बरेच दाद देत नाहीत, उष्णता अडवतात, आणि विणले तर त्यांचे कापडही होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच "न विझणारे" असा आहे. इतके गुण एका स्वस्त वस्तूत मिळाल्यावर कोण सोडणार? बॉयलर, वाफेचे पाईप, जहाजे, मोटारींचे ब्रेक, छपरे, फरशा, भिंतींचा लेप असे सगळीकडे ते गेले. १९७३ साली अमेरिकेत त्याचा वापर शिखरावर होता. त्या एका वर्षात या देशाने सुमारे आठ लाख टन ॲस्बेस्टॉस वापरले. आपण आज विकत घेतो ती घरे नेमकी त्या काळातली किंवा त्याच्या आधीची आहेत.

ज्या गुणामुळे ते उपयोगी, त्याच गुणामुळे ते घातक. हे तंतू उभे चिरत जातात, म्हणजे जाड तंतूचे बारीक, बारीकाचे आणखी बारीक. शेवटी ते केसापेक्षा कित्येक पटींनी बारीक होतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, आणि ते तासन् तास हवेत तरंगतात. श्वासाबरोबर आत गेलेले काही तंतू फुप्फुसात खोलवर रुततात. जे आगीत जळत नाही ते शरीर तरी कसे पचवणार?

आपल्या शेजारची गावे

हा विषय दूरचा वाटू नये म्हणून आपल्याच भागातील दोन-तीन गावांची माहिती देतो.

ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिराला आपण सगळेच जातो. तिथून मोटारीने दहा-पंधरा मिनिटांवर मॅनव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. या गावाचे नावच जॉन्स-मॅनव्हिल या कंपनीवरून पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने तिथे ॲस्बेस्टॉसचा प्रचंड कारखाना उभा केला, आणि पिढ्यान् पिढ्या गावातील माणसे तिथे कामाला गेली. कंपनीचे एक मूळ संस्थापक हेन्री वॉर्ड जॉन्स १८९८ साली फुप्फुसाच्या विकाराने वारले, आणि तो विकार ॲस्बेस्टॉसच्या धुळीचाच असावा असे आज मानले जाते. पुढे आजारी कामगारांचे दावे इतके वाढले की ऑगस्ट १९८२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा तिच्यावर सुमारे साडेसोळा हजार दावे चालू होते.

उत्तरेला पॅटरसन. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांचे नाव आपल्या डॉक्टर मंडळींना क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांमुळे ठाऊक असेल. पॅटरसनमधल्या ॲस्बेस्टॉस कामगारांचे आजार पाहून त्यांनी न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागातील पाईपांना आवरणे चढवणाऱ्या कामगारांच्या युनियनच्या नोंदी तपासल्या. ६३२ कामगारांच्या त्या गटात फुप्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने साधारण ६ ते ७ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले होते. हा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर "आम्हाला ठाऊक नव्हते" असे म्हणायला कोणत्याही उद्योगाला जागा उरली नाही. नंतरच्या अभ्यासांत असेही दिसले की कामगारांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने त्यांच्या बायका-मुलांच्या फुप्फुसांवरही परिणाम झाला होता. ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नाही, त्यांनाही नुसते कपडे झटकून धुतल्यामुळे हा रोग गाठू शकतो, हे तेव्हा कळले.

तिसरे गाव दूरचे, पण त्याचा माल आपल्या माळ्यावर असू शकतो. मोंटाना राज्यातील लिबी येथे व्हर्मिक्युलाइट या खनिजाची खाण होती. व्हर्मिक्युलाइट तापवले की ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे फुलते आणि हलके होते, म्हणून घराच्या माळ्यावर थंडी अडवण्यासाठी ते पोत्यांनी ओतत. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकट्या लिबीचे होते, आणि लिबीच्या खाणीत ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. न्यू जर्सीत ट्रेंटनजवळच्या हॅमिल्टन टाऊनशिपमध्येही हा माल फुलवण्याचा कारखाना होता. लिबीत इतकी माणसे आजारी पडली की २००९ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ई.पी.ए.ने, तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

आजार कोणते आणि कोणाला?

मी डॉक्टर नाही, तेव्हा इथे ठाम झालेल्या गोष्टीच सांगतो. ॲस्बेस्टॉसमुळे मुख्यतः तीन आजार होतात.

पहिला ॲस्बेस्टॉसिस. यात फुप्फुसाला आतून वण पडत जातात, ते ताठर होते आणि धाप लागते. वर्षानुवर्षे भरपूर धूळ श्वासात गेलेल्या कामगारांचा हा आजार आहे.

दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. इथे सिगारेटचा हिशेब वेगळाच आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की धूम्रपान न करणाऱ्या ॲस्बेस्टॉस कामगारांना हा धोका इतरांच्या सुमारे ५ पट होता, नुसते धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे ११ पट, आणि दोन्ही करणाऱ्यांना सुमारे ५३ पट. म्हणजे दोन धोक्यांची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो.

तिसरा मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतील आवरणाचा कर्करोग. तो एरवी फार विरळा, आणि त्याचा सिगारेटशी संबंध नाही. अमेरिकेत दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे त्याने दगावतात.

या आजारांची सर्वांत फसवी बाब म्हणजे वेळ. धूळ आज गेली तर आजार उद्या होत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनंतर तो डोके वर काढतो. म्हणून "आम्ही स्वतः फोडलं, काही झालं नाही" हे वाक्य मला कधीच पटत नाही. इतक्या लवकर काही होणारच नसते.

त्याच वेळी घाबरवणेही चुकीचे आहे. धोका हा किती धूळ, किती वेळा, किती वर्षे यावर अवलंबून असतो. कधी तरी एकदा तुटक्या आवरणाला हात लागला म्हणून झोप उडवून घेऊ नये. पण ज्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणता येईल असे किमान प्रमाणही ठरलेले नाही, म्हणून टाळता येण्याजोगी धूळ टाळावी, विशेषतः घरात लहान मुले असताना. त्यांच्यापुढे तीस-चाळीस वर्षे नव्हे, सत्तर-ऐंशी वर्षे असतात.

घरात ते कुठे असते?

पुष्कळांची समजूत आहे की ॲस्बेस्टॉसवर सत्तरच्या दशकातच बंदी आली. प्रत्यक्षात बंदी तुकड्यातुकड्यांनी आली. १९७३ साली इमारतीत फवारण्याच्या काही लेपांवर, १९७५ साली पाईपांच्या काही आवरणांवर, १९७७ साली भिंतीचे सांधे भरायच्या लांबीवर. १९८९ साली ई.पी.ए.ने जवळजवळ संपूर्ण बंदीचा नियम केला, पण १९९१ साली न्यायालयाने त्याचा मोठा भाग रद्द ठरवला. क्रायसोटाइलवर बंदीचा नियम थेट मार्च २०२४ मध्ये झाला, आणि त्यातही काही उद्योगांना मुदत दिलेली आहे. यातला कोणताही नियम तुमच्या घरात आधीपासून असलेले ॲस्बेस्टॉस काढायला लावत नाही. ते तिथेच आहे असे धरून चालावे.

१९८० पूर्वीच्या घरात पाहण्याच्या जागा अशा :

१. बेसमेंटमधील बॉयलर आणि वाफेच्या पाईपांवरचे पांढरे आवरण. आतून ते नालीदार पुठ्ठ्यासारखे दिसते. १९३० ते १९५० या काळातील घरांत हमखास शोधावे.

२. भट्टीच्या गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्यांच्या सांध्यांवर चिकटवलेली पांढरी पट्टी.

३. नऊ इंच बाय नऊ इंच आकाराच्या जुन्या फरशा आणि त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद. जुन्या व्हिनाइलच्या गुंडाळीची मागची बाजूही.

४. छताला केलेला खडबडीत, पॉपकॉर्नसारखा दिसणारा लेप.

५. घराच्या बाहेरील भिंतींवरचे सिमेंटचे ठिसूळ तुकडे आणि तसेच छपराचे तुकडे.

६. माळ्यावर ओतलेले चमकदार, तपकिरी-सोनेरी खड्यांसारखे व्हर्मिक्युलाइट.

७. १९७७ पूर्वीच्या भिंतींच्या सांध्यांतील लांबी.

नुसते पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही, हे मी इतकी वर्षे काम करूनही सांगतो. वरची यादी संशय घेण्यासाठी आहे, निर्णय देण्यासाठी नाही. निर्णय प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकच देतो. वस्तूत एक टक्क्यापेक्षा अधिक ॲस्बेस्टॉस आढळले तर कायद्याच्या दृष्टीने ती ॲस्बेस्टॉसयुक्त ठरते.

एका घराची हकिकत

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतील एका तरुण जोडप्याने रॅरिटन नदीच्या बाजूला १९४० च्या दशकातले घर पसंत केले. इन्स्पेक्शन झाले होते, क्लोजिंगला पाच आठवडे होते, आणि वास्तुशांतीला दोघांचे आईवडील भारतातून यायचे होते. मुलाचा फोन आला. "काका, बेसमेंटमध्ये पाईपांवर पांढरं गुंडाळलंय, थोडं फाटलंय. क्लोजिंग झालं की शनिवार-रविवारी आम्ही दोघं मास्क लावून काढून टाकतो. आईबाबा यायच्या आत तिथे झोपायची खोली करायची आहे." घरात तीन वर्षांची मुलगी.

मी त्याला एवढेच म्हटले, "अरे, हात लावू नकोस. आधी तपासून घे, आणि क्लोजिंगच्या आधी घे." घराच्या नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ॲस्बेस्टॉसची चाचणी धरलेली नसते, हे त्याला ठाऊक नव्हते. अहवालात एका ओळीत "पाईपांवरील आवरण संशयास्पद, तज्ज्ञांकडून तपासावे" असे लिहिलेले होते, पण चाळीस पानांत ती ओळ कोण वाचतो?

प्रशिक्षित माणसाने नमुने घेतले. पाईपांचे आवरण ॲस्बेस्टॉसचे निघाले, आणि कोणाच्या मनातही नव्हत्या त्या कार्पेटखालच्या फरशाही. छताचा लेप मात्र साधा निघाला. मग वकिलामार्फत विक्रेत्याशी बोलणे झाले. पाईपांचे आवरण परवानाधारक कंत्राटदाराकडून काढण्याइतकी रक्कम किमतीतून कमी झाली. फरशा घट्ट आणि शाबूत होत्या, त्या न उखडता वरून नवी फरशी घातली. आवरण काढण्याचे काम दोन दिवसांत झाले, हवेची तपासणी झाली, आणि मगच कुटुंब राहायला गेले. आईबाबांची खोली बेसमेंटऐवजी पहिले काही दिवस वरच्या मजल्यावर झाली, एवढीच काय ती अडचण.

हेच काम त्या शनिवार-रविवारी झाले असते तर? बाजारातला कागदी मास्क हे तंतू अडवत नाही. केरसुणीने झाडले असते, साध्या व्हॅक्युमने ओढले असते, आणि ती धूळ भट्टीच्या नळ्यांतून मुलीच्या खोलीपर्यंत पोचली असती. आणि मग घर स्वच्छ करायचा खर्च आवरण काढण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट झाला असता.

काय करावे, काय करू नये

१. वस्तू शाबूत असेल आणि तिथे काम काढायचे नसेल तर तिला हात लावू नका. वर्षातून एकदोनदा ती फाटली, भिजली, भुसभुशीत झाली आहे का एवढे नजरेने पाहा.

२. ती फाटली असेल किंवा तिथे काम काढायचे असेल तर आधी चाचणी करा. नमुना शक्यतो प्रशिक्षित माणसाकडूनच घ्या. प्रयोगशाळेचा एका नमुन्याचा खर्च बहुधा शंभर डॉलरच्या आत असतो.

३. उपाय तीन आहेत : विशिष्ट लेप देऊन तंतू जागीच बांधून टाकणे, वरून बंदिस्त आच्छादन घालणे, किंवा पूर्ण काढून टाकणे. काढणे हाच नेहमी उत्तम उपाय असतो असे नाही. तो सर्वांत महाग, आणि निष्काळजीपणे केला तर सर्वांत धोक्याचा.

४. तपासणारा आणि काढणारा एकच असू नये. जो तपासतो त्यालाच काढायचे पैसे मिळणार असतील तर त्याला सगळीकडेच ॲस्बेस्टॉस दिसते.

५. कंत्राटदाराचा राज्याचा परवाना स्वतः पाहून खात्री करा. चांगला कंत्राटदार जागा प्लास्टिकने बंद करतो, आतली हवा गाळून बाहेर काढतो, वस्तू ओली करूनच काढतो, दुहेरी पिशव्यांत भरून त्यावर इशारा चिकटवतो, आणि शेवटी तिसऱ्याच माणसाकडून हवेची तपासणी होऊ देतो. "पाण्याची गरज नाही, दुपारपर्यंत उरकतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

६. जुन्या फरशा कधीही घासू नका. धूळ पडलेली दिसली तर कोरडी झाडू नका, साधा व्हॅक्युम लावू नका. खोली बंद करा, भट्टीचा पंखा बंद ठेवा, आणि तज्ज्ञाला बोलवा.

७. माळ्यावर व्हर्मिक्युलाइट असेल तर ते ॲस्बेस्टॉसमिश्रितच आहे असे समजा. तिथे पेट्या, दिवाळीचे कंदील, गणपतीची मखरे ठेवायला चढू नका, आणि मुलांना चढू देऊ नका.

८. भाड्याच्या घरात राहत असाल तर स्वतः दुरुस्ती न करता घरमालकाला लेखी कळवा.

पैशाची बाजू

घरमालकाच्या विम्यातून ॲस्बेस्टॉस काढण्याचा खर्च सहसा मिळत नाही. पाईप फुटला किंवा आग लागली, आणि त्या दुरुस्तीसाठी ॲस्बेस्टॉस काढावे लागले, तर काही पॉलिसी काही भाग देतात. आपली पॉलिसी काढून "वगळलेल्या गोष्टी" हे पान वाचा, आणि एजंटाचे उत्तर लेखी घ्या.

घर विकत घेताना तुमच्या हातात सर्वांत मोठी ताकद इन्स्पेक्शनच्या मुदतीत असते. ती मुदत संपली की प्रश्न तुमचा. विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये "माहीत नाही" असे उत्तर असू शकते. ते खोटे नसते, पण त्यावर विसंबूनही राहता येत नाही. तपासणीचे शे-दोनशे डॉलर वाचवून हजारो डॉलरचा खर्च ओढवून घेणे हा व्यवहार नव्हे.

माळ्यावरचे व्हर्मिक्युलाइट लिबीच्या झोनोलाइट कंपनीचे निघाले तर थोडी मदत मिळू शकते. खाणीची मालक असलेली डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली, आणि २०१४ साली ती त्यातून बाहेर पडताना घरमालकांसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. पात्र ठरलेल्या खर्चाच्या ५५ टक्के रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, हा ट्रस्ट परत देतो. काम सुरू करण्याआधी त्याचे चालू नियम आणि लागणारे फोटो-पुरावे विचारून घ्या, कारण माल एकदा फेकून दिल्यावर पुरावा राहत नाही.

गुंतवणूक म्हणून इमारत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या एकट्या निवासी इमारतीला केंद्राच्या ॲस्बेस्टॉस नियमातून सूट आहे. पण पाच बिऱ्हाडांची इमारत, दुकान किंवा मोटेल घेतले तर मोठी दुरुस्ती वा पाडकाम करण्यापूर्वी तपासणी करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. राज्याचे आणि गावाचे नियम त्याहून कडक असू शकतात.

नुकसानभरपाईच्या आशेवर मात्र कोणी राहू नये. मॅनव्हिलच्या दिवाळखोरीतून १९८८ साली आजारी माणसांसाठी ट्रस्ट निघाला. दावे इतके आले की आज अनेक वर्षे तो दाव्याच्या ठरलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांहूनही कमी पैसे देतो आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचा पैसाही पुरला नाही.

मुलांची शाळा आणि भारतातील घर

१९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बारावीपर्यंतच्या प्रत्येक सार्वजनिक आणि नफा न कमावणाऱ्या खासगी शाळेला ॲस्बेस्टॉसची तपासणी करून आराखडा ठेवावा लागतो, दर तीन वर्षांनी फेरतपासणी करावी लागते, आणि पालकांनी मागितल्यास तो आराखडा दाखवावा लागतो. तुमच्या मुलांची शाळा जुनी असेल तर कार्यालयात जाऊन तो बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

आता गावाकडचे घर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गोठ्यावर, पडवीवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत. त्यांत साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी ॲस्बेस्टॉस असते. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली असली तरी भारतात आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून हे पत्रे अजून बनतात. शाबूत पत्र्याखाली बसून जेवल्याने काही होत नाही. पण सुट्टीत जाऊन घर दुरुस्त करताना ते पत्रे करवतीने कापू नका, फोडून भराव म्हणून वापरू नका, आणि गड्याकडूनही करवून घेऊ नका. पाणी मारून, अख्खेच्या अख्खे उतरवा. त्याच्या फुप्फुसाची किंमत आपल्यापेक्षा कमी नाही.

आणि आईवडिलांविषयी. रेल्वेचे वर्कशॉप, गोदी, वीजकेंद्र, गिरणीचे बॉयलर घर, ब्रेक लायनिंगचा किंवा सिमेंट पत्र्यांचा कारखाना अशा ठिकाणी ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना आज धाप लागत असेल तर आपण वय, दमा किंवा जुना क्षय म्हणून मोकळे होतो. मुंबईतील ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्याची २००५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की तपासलेल्या कामगारांपैकी पाचात एकाहून अधिकांना ॲस्बेस्टॉसिस होता. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवायचा आदेश दिला होता. न्यायालयालाही हा आजार किती उशिरा उगवतो ते समजले होते. तेव्हा वडिलांना इथे डॉक्टरकडे न्याल तेव्हा औषधांच्या यादीबरोबर त्यांनी कुठे, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले तेही कागदावर लिहून न्या. इथला डॉक्टर ते आपण होऊन विचारेलच असे नाही. आणि ते अजून विडी-सिगारेट ओढत असतील तर वर दिलेला तो गुणाकार त्यांना समजावून सांगा.

थोडक्यात सांगायचे तर, जुने घर घ्यायला भिऊ नका. या देशात लाखो कुटुंबे अशा घरांत सुखाने राहतात. घर घेताना पाया, छप्पर, वाळवी पाहतो तशीच ही एक गोष्ट पाहायची. आपण नव्या घरात शिरण्याआधी वास्तुशांती करतो. त्याच यादीत सर्वांत वर एक ओळ लिहून ठेवा : फोडण्याआधी तपासणी.

कोणाला आपल्या घराविषयी शंका असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला अवश्य गाठा. जेवणाच्या रांगेतही चालेल.